कुडीचा सातवा खडा

आमच्या नात्यात कुणाला हिरा घ्यायचा असला की मला बोलावतात. साखरपुड्याची अंगठी असो नाहीतर सुनेच्या नाकातली चमकी, "बाईंना घेऊन चला, त्यांना हिऱ्यातलं कळतं," असं म्हणत गाडी दारात आणून उभी करतात. जमिनी बंगलेवाल्यांच्या घशात गेल्यापासून आमच्या लोकांना हिऱ्याची हौस फार झाली आहे. मी तोंड वाकडं करते आणि जाते.

दुकानात दिव्यांचा लखलखाट असतो. त्या उजेडात बाटलीची काचसुद्धा चमकेल. मी खडा चिमट्यात उचलते आणि सरळ दाराशी नेते. पांढरा कागद मधोमध दुमडायचा, घडीत खडा पालथा ठेवायचा आणि पाठीकडून बघायचं. दुकानदाराचा चेहरा लगेच बदलतो. त्यावरूनही बरंच कळतं. मग मी भिंग मागते, कडेपर्यंत गेलेली चीर आहे का ते बघते, आणि सर्टिफिकेट शेवटी वाचते. लोक आधी सर्टिफिकेट वाचतात आणि मग खडा बघतात. त्यांच्यावर मी चिडते, कारण मीही तेच केलं होतं.

सगळ्यांना वाटतं की मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला हे येत असणार. तसं नाही. हे मला अलिबागच्या एका म्हाताऱ्या सराफाने चार सकाळींत शिकवलं, माझी आई घरात मरणाला टेकलेली असताना. गाडीत बसलेल्या आनंदी माणसांना हे सांगून काय उपयोग, म्हणून सांगत नाही.

आईच्या कानांत हिऱ्याच्या कुड्या होत्या. मधे एक खडा आणि भोवती सहा, अशा दोन्ही कानांत सात-सात. बाबा आधी पेणकडच्या मिठागरात राबले, मग त्यांनी ट्रक घेतला, आणि ट्रकचं पहिलं बरं वर्ष गेलं तेव्हा त्या कुड्या आणल्या. मी तेव्हा पाळण्यात होते. त्यानंतर आईने त्या कानातून काढल्या नाहीत. लावणीच्या चिखलात त्याच, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या बांधताना त्याच, आजारपणात त्याच. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती रिठ्याच्या पाण्यात जुना दातांचा ब्रश बुडवून कानातल्या कानातच त्या घासायची, आणि मला समोर बसवून विचारायची, "दिसतंय का पानी?" हिऱ्याची झळाळी म्हणजे पाणी. मी म्हणायचे, दिसतंय. मला वाटायचं ती रिठ्याच्या पाण्याबद्दल बोलतेय.

तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा आम्ही तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशनच्या सकाळी नर्स यादी घेऊन आली. अंगावर धातूचं काही नको. मंगळसूत्र मी रुमालात बांधलं. उजवी कुडी खोबरेल लावल्यावर सुटली. डावीची फिरकी मात्र हलेना. इतक्या वर्षांचा मळ आणि मीठ तिच्यात बसलं होतं.

"सोनाराला बोलव," आई म्हणाली. "नायतर तेल घालून जरा ठेव. सुटंल."

पण नर्स दोनदा येऊन गेली होती. मी आधीच तापले होते. लिफ्टच्या रांगेवर, फॉर्मांच्या चळतीवर, बाहेर बाकावर नुसते बसून राहिलेल्या बाबांवर, सगळ्यांवर. माझा स्वभावच तसा आहे, शाळेत पोरं मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. नळ दुरुस्त करायला एक माणूस वॉर्डात आला होता, त्याची पक्कड मी मागून घेतली. आई म्हणाली, "हळू, बाय." मी हळू केलं नाही. फिरकी चिमटीत धरून पिळली, तशी ती तुटली आणि पक्कड सटकून कुडीच्या तोंडावर आपटली. बारीकसा आवाज आला. कुडी माझ्या तळहातावर होती आणि तिच्या एका पाकळीत भोक होतं.

खडा खाली कुठेतरी उडाला होता. मी कॉटखाली शिरले. मोबाईलचा दिवा लावून फरशीचा एकेक सांधा बघत होते, बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत गेले, मोरीच्या जाळीत बोट घातलं. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. त्याची चाकं माझ्या डोळ्यांसमोरून गेली, आणि मला वाटलं, मिनिटभरात खडा सापडेल, मग धावत जाऊन गाठते. खडा सापडला नाही. बाहेर आले तेव्हा लिफ्टचं दार मिटलं होतं. बाबा म्हणाले, ती जाताना विचारत होती, बाय कुठं हाय.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि पुन्हा शिवून टाकलं. आत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरी न्या, म्हणाले. किती दिवस ते कुणी नीट सांगत नाही. आपण खोदून विचारलं की मगच सांगतात, आणि मी खोदून विचारलं. फार तर दीड महिना.

आईला कुणी काही सांगितलं नाही, पण ती काही खुळी नव्हती. घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिने मला पलंगाजवळ बोलावलं. बाहेर पडवीत कांद्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या, त्यांचा वास घरभर होता. तिने रिकाम्या कानाला हात लावला आणि म्हणाली, "तेवडी कुडी नीट करून आन. मना भरल्या कानानं जायाचंय."

आमच्याकडे नवरा जिवंत असताना बाई गेली की तिला नवरीसारखी सजवतात. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. तिला त्यात कुड्या हव्या होत्या. बाकी तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. खडा माझ्या हातून गेला होता, म्हणजे तो मीच आणायला हवा होता. तो आला नाही तर ती माझ्यामुळे भुंड्या कानाने जाईल, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आईच्या उशाशी बसून मी मोबाईलवर हिऱ्यांबद्दल वाचायला लागले. चार गोष्टी बघायच्या असतात. घाट, रंग, स्वच्छता आणि वजन. रंगाला इंग्रजी अक्षरं असतात, डी म्हणजे बिनरंगी, जसजसं पुढे जावं तसतशी पिवळसर छटा. स्वच्छतेच्याही पायऱ्या असतात, आत डाग किती, चिरा किती, कुठे. दोन दिवसांत मला सगळं तोंडपाठ झालं. परीक्षेला बसले असते तर पहिली आले असते. आणि मी ठरवून टाकलं की आईसाठी सगळ्यात वरच्या पायरीचा खडा आणायचा. पक्कड चालवलेल्या हाताला दुसरं काय सुचणार.

मांडव्याहून बोटीने मुंबईला गेले. तिथल्या मोठ्या दुकानात एका मुलीने मला मखमलीच्या ताटलीत पाच खडे दाखवले. मी घडाघड प्रश्न विचारले, तिने कौतुकाने उत्तरं दिली. मी डी रंगाचा, भिंगातूनही डाग न दिसणारा, नव्या घाटाचा खडा निवडला. त्यांनी तो कुडीत बसवून दिला आणि फिरकीही नवी घातली. दुकानाच्या उजेडात सातही खडे सारखेच तळपत होते. परतताना बोटीवर वारा फार होता. पर्स छातीशी धरून मी आत बसले होते आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा दुपार उतरत होती. आईला पडवीत आणून बसवलं होतं. मी कुडी तिच्या हातात ठेवली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"ह्यो कुनाचा हाय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तुझाच. नवा आहे. सगळ्यात चांगला आणलाय."

"सगल्यांत उठून दिसतंय," ती म्हणाली. "पावना आल्यावानी."

मग मीही बघितलं. अंगणातल्या साध्या उजेडात तो एक खडा बर्फासारखा पांढरा होता, आणि बाकीचे सहा पेजेच्या निवळीसारखे, किंचित पिवळट. तोंडात एक दात खोटा बसवला की तेवढाच दिसतो, तसं झालं होतं. त्या सहांच्या शेजारी तो चांगला दिसत नव्हता आणि त्याच्या शेजारी ते सहा मळके दिसत होते. कुडी तिने पदराने पुसली आणि मला परत दिली. मी मागच्या दारी गेले आणि विहिरीच्या कठड्यावर बसून रडले. नंतर कळशी लाथाडली, तीही भरलेली.

दुसऱ्या दिवशी अलिबागला त्या सराफाकडे गेले. कुड्या त्याच्याच वडिलांच्या दुकानातून आल्या होत्या. ऐंशीच्या पुढचा माणूस, गादीवर पाय मुडपून बसलेला, बोलण्यात मधूनच गुजराती. त्याने कुडी उलटी केली आणि मागूनच बघत राहिला. समोरून बघेचना.

"बेन, चांगला खडा आणलात," तो म्हणाला. "पण चांगला कशाला हवा होता? ह्या सहांच्या बरोबरचा हवा होता."

मला राग आला. मी त्याला सर्टिफिकेट दाखवलं. त्याने ते वाचलं, नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "यात सगळं खरं लिहिलंय. ह्या सहांचं काही लिहिलेलं नाही."

मग त्याने मुंबईचा खडा काढला आणि मला दारापाशी बसवलं. त्याच्या दुकानाचं दार उत्तरेकडे आहे, ऊन कधीच थेट आत येत नाही. पांढरा कागद दुमडला आणि खडे पालथे ठेवायला सांगितले. समोरून हिरा स्वतःची जाहिरात करतो, म्हणाला, तोंडाच्या चमकेत रंग लपतो, पाठीला लपत नाही. दिवा लावायचा नाही. अंगावर रंगीत साडी असेल तर पांढरा रुमाल पुढे धरायचा. माझ्या अंगावर पिवळी साडी होती. त्याने आपला पंचा माझ्या मांडीवर टाकला.

आईच्या खड्यांचा घाटही जुना होता, हाताने पाडलेल्या मोठ्या पैलूंचा. तसे खडे आता नव्याने मिळत नाहीत. मोडीत आलेल्या जुन्या दागिन्यांचे सुटे खडे त्याच्याकडे एका पत्र्याच्या डबीत होते, निळ्या कागदाच्या पुड्यांत बांधलेले. आम्ही तेच बघायला लागलो. मी शाळेतून रजा टाकली. रोज सकाळी दहाला जायचं, उजेड पिवळा पडायच्या आत उठायचं. एक खडा रंगाने जुळला, पण राखेसारखा मंद. एकात चहाची झाक. एकाची पाठ इतकी खोल की कुडीत उंच बसला असता आणि पदराला अडकला असता. एक मला फार आवडला, मी त्याला म्हटलं हाच घ्या. त्याने भिंग दिलं. आत पिसासारखी चीर होती, थेट काठाला पोचलेली.

"बसवताना टिचेल," तो म्हणाला.

"हिरा टिचतो?" मी विचारलं. मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे की हिरा सगळ्यांत कठीण.

"कठीण आहे. ओरखडा नाही उठणार. पण नको तिथे ठोका बसला की दोन तुकडे. तुम्ही पक्कड मारलीत तेव्हा काय झालं?" पकडीचं मीच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याने ते साध्या आवाजात विचारलं, तरी माझे कान तापले. मग तो म्हणाला, तेलात रात्रभर ठेवली असती तर फिरकी सुटली असती. हे आईनेही सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी खडा मिळाला. मी सहांच्या शेजारी पालथा ठेवला आणि नजर हलवली, तर पुन्हा तो कुठला ते शोधावं लागलं. तीच पेजेची निवळी, तोच जुना घाट. म्हाताऱ्याने भिंगातून बघितलं आणि काठाशी एक काळा ठिपका दाखवला. नुसत्या डोळ्याला काही दिसत नव्हतं.

"हा मी सांगितल्याशिवाय देणार नाही," तो म्हणाला. "खडा धरायला सोन्याची नखं असतात ना, त्यातलं एक मी बरोबर ह्याच्यावर आणीन. कुणाला दिसणार नाही. पण जुनी माणसं काळ्या डागाचा हिरा घरात घेत नाहीत. आईला विचारा."

मी म्हटलं, "विचारायचं काही नाही. आत्ताच बसवा."

त्याने मान हलवली. हिरा आधी घरी न्यायचा, तीन रात्री उशाखाली ठेवायचा, घराला लाभतो का ते बघायचं आणि मग घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. सराफही त्याला धरून चालतात. न घेता नुसता बघायला नेलेल्या मालाला जांगड म्हणतात, त्याची चिठ्ठी लिहितात. कुड्याही बाबांनी तशाच नेल्या होत्या, त्याच्या वडिलांच्या हातच्या चिठ्ठीवर. एकदा खडा बसवला की जांगड राहत नाही, म्हणाला, आणि त्या बाईला न विचारता मी बसवणार नाही. त्याने चिठ्ठी लिहिली, खडा निळ्या कागदात बांधला आणि सहा खड्यांची कुडीही मला परत दिली.

त्या सकाळी निघताना इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टरने मला दाराबाहेर गाठलं होतं. आईच्या पायांवर सूज चढली होती. आता कुठे लांब जाऊ नका, ती म्हणाली. म्हणजे तीन रात्री हातात असतीलच असं नाही, हे मला कळत होतं. हे स्पष्ट लिहिते, कारण नंतर मी स्वतःशीच खोटं बोलून पाहिलं आहे.

घरी येऊन मी आईच्या तळहातावर पांढरा रुमाल टाकला, त्यावर खडा ठेवला आणि शेजारी कुडी. ती बराच वेळ बघत राहिली. मग हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

"ह्यो आपला हाय," ती म्हणाली. "डाग नाय ना त्यात?"

"नाही," मी म्हटलं.

आणि लगेच पुढे म्हटलं, "उद्या बसवून आणते."

"तीन राती उशाला ठेव. मंग बसव." तिने पुडी माझ्या हातून घेतली आणि स्वतःच उशीखाली सरकवली. "घाई नको करू, बाय. एकदा केलीस."

ती हे रागाने बोलली नाही. हॉस्पिटलात मी तिचं ऐकलं नव्हतं आणि खडा गेला होता, तर या वेळी ऐकायचं, असं मी ठरवलं. जन्मात कधी कुणाची वाट न बघणारी मी, नेमकी त्याच तीन दिवसांत वाट बघत बसले.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शुद्धीत होती, बाबा पायथ्याशी बसले होते. ती मला सांगत होती की बाबांनी कुड्या आणल्या तेव्हा तिला वाटलं, मिठागरातले खडेच पुडीत बांधून आणलेत. "मी बोल्ले, मिठाचे खडे काय कमी बगितले, आनिक आनलंव." बाबा मान खाली घालून हसले. मग ती उशीखाली हात घालून पुडी चाचपत राहिली. संध्याकाळपासून तिचा श्वास बदलला.

मी असल्या गोष्टी मानत नाही. शाळेत ग्रहण बघायला मुलांना अंगणात उभी करते, त्यावरून पालकांशी भांडते. तरी त्या संध्याकाळी उशीखालचा काळा ठिपका माझ्या डोक्यातून जाईना. दोनदा वाटलं पुडी काढून दूर फेकावी. दोन्ही वेळा तिचा हात त्यावर होता.

तिसरी रात्र ती काढणार नाही असं वाटत होतं, पण काढली. उजाडल्यावर मी चहा ठेवायला उठले आणि बाबांनी मला हाक मारली. मी गेले तेव्हा ती संपली होती. तीन रात्री पुऱ्या झाल्या होत्या आणि सराफाचं दुकान दहाला उघडतं.

बायका जमल्या. आत्याने गरम पाणी काढलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, अशा वेळी सगळं तीच बघते. लुगडं झालं, चुडा झाला. मी आईचा करंडा उघडला. ती जुन्या पद्धतीने आधी कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू लावायची, ते मेण डबीत होतं. मी चिमूटभर घेतलं, कुडीच्या रिकाम्या पाकळीत दाबलं आणि त्यावर खडा बसवला. दारात जाऊन उजेडात बघितलं. सातात नवा कुठला ते मलाच सांगता येईना. मी दोन्ही कुड्या तिच्या कानांत घातल्या. नवी फिरकी दोन बोटांनी फिरली.

बाबांना मी म्हटलं, तिला कुड्या घालूनच जायचं होतं. त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "र्‍हाऊ दे तिच्या कानान." मला वाटलं, झालं. एवढं तरी झालं.

तिरडी अंगणात ठेवली होती. बाबांनी मडकं धरलं आणि ते पुढे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आमच्याकडे उचलायच्या आधी अंगावरचं सोनं काढतात. आत्याने बाबांचं बोलणं ऐकलं नव्हतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं. ती वाकली आणि सवयीच्या हातांनी उजवी कुडी काढून माझ्या मुठीत दिली. "लेकीचा दागिना हाय ह्यो," ती म्हणाली. मी तोंड उघडेपर्यंत तिने डावीला हात घातला होता. तिचा अंगठा मेणावर पडला. खडा निसटलेला मी बघितला.

मला तेव्हा म्हणता आलं असतं की थांबा. म्हणता आलं असतं की खड्याचं राहू दे, तिच्या कानांत आहे तशाच घाला. तिचा चेहरा धरता आला असता. पण मी खाली बसले. अंगण शिंपलेलं होतं, त्यावर फुलं, तांदूळ, सांडलेलं कुंकू आणि इतक्या जणांच्या पावलांचा चिखल. मी त्यात हाताने चाचपायला लागले. तांदळाचा प्रत्येक दाणा मला खडा वाटत होता. कुणीतरी म्हणालं, उचला. पाय माझ्या बाजूने गेले, एक पाय माझ्या बोटांवर पडला. मला वाटलं, मिनिटभरात सापडेल, मग धावत जाऊन गाठते. बायका वळणापर्यंत पोचवायला जातात, तिथून मागे फिरतात. तेवढं तर मी गाठलं असतं.

या वेळी सापडला. पायरीच्या कडेला पालथा पडला होता, त्यामुळे चमकत नव्हता. पाठीच्या रंगावरूनच ओळखला, म्हाताऱ्याने शिकवलं होतं तसा. मी तो उचलून पदराला पुसला आणि मान वर केली. अंगणात कुणी नव्हतं. वळणाकडून बायका परत येत होत्या.